उजव्या गुडघ्यातलं सहावं हाड

दोन हजार अठरा साल. माझं वय सहासष्ट. तू मशीन आणलंस ते वर्ष. त्याच वर्षापासून तुझं-माझं बोलणं तुटत गेलं, म्हणून साल पक्कं ध्यानात हाय. न्हायतर साल-तारखा मी डोक्यात ठेवत न्हाय.

त्रिशला, चौघांत मी तुला मॅडम म्हणत होतो. तू बेळगावच्या जनावरांच्या डाक्टरांच्या कॉलेजातली मोठी बाई, बैलाच्या अंगातलं हाडन् हाड पोरांना शिकवणारी. मी हाडांच्या खोलीतला शिपाई, तोही रिटायर होऊन परत बोलावलेला. आता चौघं न्हाईत. आता पोरी म्हणतो. चालवून घे. न चालवून करतीस काय.

तुझ्या शोकसभेत सगळे लई गोड बोलले. मला बोला म्हणाले, मी खुर्चीतून उठलो न्हाय. गोड बोलायला मला येत न्हाय, आणि तुझ्याबद्दल माझ्या मनात कडूच जास्ती हाय. मराठी तिसरी शिकलेला माणूस मी. नातीची वही मागून घेतली आणि लिहायला बसलो. भांडण अर्धं टाकून गेलीस, ते पुरं कोण करणार?

मशीन केवढं, तर कोंबड्याच्या खुराड्याएवढं. आत एक नळी फिरायची, प्लास्टिकचा दोरा वितळवायची आणि शेवया घातल्यागत थरावर थर घालायची. शेजारी एक फिरतं ताट. त्यावर खरं हाड ठेवायचं, समोरून उजेड मारायचा, हाडाचं रूप कॉम्प्युटरात जायचं आणि तसंच्या तसं दुसरं हाड मशीनमधनं बाहेर यायचं. तू किती खूश होतीस. हातावर हात चोळत मला म्हणालीस, "मामा, आपला बैल काढा."

आपला बैल. तो बैल माझा होता, पोरी. काकतीच्या एका शेतकऱ्याचा खिलार, पोट फुगून मेलेला. मी आणला, मी सोलला. दीड महिना पाण्याच्या पिंपात मुरवला. मग धुण्याचा सोडा घालून मंद आचेवर ठेवला, उकळी फुटू दिली न्हाय. उकळी फुटली की हाडाचं तोंड चिरतंय. चार पायांच्या बारक्या हाडांच्या चार थैल्या. पुढच्या उजव्या पायाची तांबडी, डाव्याची पांढरी. सावलीत वाळवून, तारेनं ओवून उभा केला, तेव्हा जुने मोठे सर म्हणाले, "मारुती, हा आता हंबरायचा तेवढा राहिलाय." एवढी शाबासकी मला जन्मात दुसऱ्यांदा मिळाली न्हाय.

घरी मात्र, माझ्या गावात, गुंजीत, मी काय सांगितलं होतं? कॉलेजात नळ-पाणी बघतो. शेतकऱ्याचं घर आमचं, बैलपोळ्याला बैलाच्या पाया पडणारं. त्याच बैलाची हाडं मी शिजवतोय हे कुणाला सांगू? बायकोला तेवढं माहीत. ती मागल्या दारी गरम पाण्याची बादली ठेवायची आणि अंघोळ झाल्याशिवाय आत घ्यायची न्हाय. हे तुला मी एकदाच सांगितलं होतं, विश्वासानं.

तू पोरगी म्हणून आलीस तेव्हा दोन वेण्या होत्या तुला. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातलं जैनाचं घर. पहिल्या वर्षी हाडांच्या विषयातच नापास झालीस. बाकीची पोरं संध्याकाळी खोलीत येऊन हाडं हाताळायची, तू दारात उभी राहून लांबून बघायचीस. मी ओरडलो, "काय बघतीस? हाड काय चावतंय व्हय?"

"हात लावला की आईचं तोंड दिसतंय मामा."

"मग डोळं मीट. आन् हात घाल."

माझ्याकडं पोतं असायचं, तुला सांगायला नको. पोत्यात हाडं टाकायची, तोंड आवळून धरायचं, पोरानं नुसता हात आत घालून सांगायचं, कुठलं हाड, उजवं का डावं, वरची बाजू कुठली. डोळं फसतात, अंगठा फसत न्हाय. कुठल्या पुस्तकात न्हाय हे. माझं मीच काढलेलं. दोन महिन्यांत तू असली तयार झालीस की पोत्यात हात गेला का न्हाय तोवर नाव सांगायचीस. पोरं तुला पोतेवाली म्हणायला लागली.

परत परीक्षा होती, मधी सुट्टी. खोलीतलं हाड बाहेर न्यायचं न्हाय, हा नियम. तो नियम माझाच, दारावर मीच लावलेला. पण तू म्हणालीस, "पुढचा गुडघा अजून डोक्यात बसंना मामा." मी सांगाड्याचा उजवा गुडघा सोडवला आणि तांबडी थैली तुझ्या हातात दिली. सहा हाडं. "सहा नेतीस, सहा आण."

सुट्टी संपल्यावर आलीस. थैली टेबलावर ठेवलीस. "सहाच्या सहा हाईत मामा." माझ्याकडं बघितलं न्हाईस. मी थैली न उघडता वरनं चाचपली. पाच.

मागचं हाड नव्हतं. गुडघ्याच्या पाठीमागं जे बाहेर येतं, अंगठ्याला आधी लागतं, ते सहावं.

मी विचारलं न्हाय. का विचारलं न्हाय, ते आज पण सांगता येत न्हाय. दोन दिवसांवर खोलीची तपासणी होती. सांगाड्यात भोक दिसलं असतं तर तुझं नाव निघालं असतं, आणि नियम मोडला म्हणून माझं. सुट्या हाडांच्या पेटीत दुसऱ्या बैलाचं तसलं हाड नव्हतं. म्हशीचं एक होतं, जाड. मी कानस घेतली.

मी, ज्यानं तीस वर्षं पोरांना सांगितलं, हाडाला कधी कानस लावायची न्हाय. हाड बसत न्हाय म्हणजे हाड चुकलेलं नसतं, तू चुकलेला असतोस. त्या मी म्हशीच्या हाडाची बाहेरची बाजू घासली, सपाट केली, बैलाच्या मापात आणली आणि तारेनं बसवली. तपासणी झाली. तू पास झालीस. तू तुझ्या मापाची खोटी, मी माझ्या मापाचा. बोललं कुणीच न्हाय.

वर्षं गेली. तू शिकून मोठी झालीस, परत त्याच कॉलेजात शिकवायला आलीस. पहिल्याच तासाला मला वर्गात ओढून नेलंस.

"मॅडम, मी शिपाई हाय, वर्गात कशाला?"

"गप उभं ऱ्हावा. पोतं आणलंय न्हवं?"

सगळ्या वर्गापुढं आधी तू हात घातलास पोत्यात. सांगितलंस. मग पोरांना म्हणालीस, हे मला ह्यांनी शिकवलं. हे मी विसरलो न्हाय. कडू लिहितोय म्हणून विसरलो असं समजू नको.

मग मशीन आलं, आणि तू उजवा गुडघा ताटावर ठेवलास. मी शेजारी उभा. एक-एक हाड उचलून फिरवत होतीस. सहावं उचललंस. अंगठा फिरवलास त्याच्या सपाट बाजूवरनं, एकदा, परत एकदा. आता बोलशील. आता म्हणशील, मामा, हे काय? न्हाय बोललीस. ठेवलंस ताटावर. उजेड मारलास.

मला वाटलं, बाईचा अंगठा मेला. मशीन आलं आणि अंगठा मेला. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मनात म्हटलं, पोरामागं एक असे हाडांचे चाळीस डबे छाप, चाळीस चुका छाप. कधी तरी कुणी तरी पकडंल, मग येशील माझ्याकडं पळत, मग मी सांगीन मशीन किती हुशार हाय ते. असला विचार केला मी. सहासष्ट वर्षांच्या माणसानं.

मशीननं काहीच सोडलं न्हाय. माझ्या कानशीच्या रेघा पण उचलल्या. त्या प्लास्टिकच्या हाडावर अंगठा फिरवला की दोन जातीच्या रेघा लागायच्या. मशीनच्या थरांच्या आडव्या, आणि माझ्या तिरक्या.

पोरांची चैन झाली. डबा पिशवीत घालून होस्टेलला न्यायची, बसमध्ये मांडीवर घेऊन पाठ करायची. एक मुलगी म्हणाली, आता घरी न्हेता येतंय, आई ओरडत न्हाय. तू माझ्याकडं बघितलंस. मी तोंड फिरवलं. माझी पिंपं भंगारात गेली. हाडांच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्याकडं, म्हणजे उघडायला कुणी येणार न्हाय अशा खोलीची.

"मामा, हातात घेऊन तर बघा," तू म्हणायचीस.

"बघितलं. वजन न्हाय."

"मला वजन शिकवायचं न्हाय, आकार शिकवायचाय."

"बैल काय हवेचा असतोय व्हय?"

"बरं, आत वाळू भरून देते. मग?"

"मग वाळूचा बैल हुईल."

पोरं हसायची. तू पण हसायचीस. तिथवर ठीक होतं. पण एकदा चहाला सगळे बसलेले असताना मी बोलून गेलो, "तुमच्या जैनाच्या घरात हाडाची किळस. म्हणून हे सगळं सोंग. शिवायला नको, वास नको, नुसतं शिकायचं."

कप खाली ठेवलास. आवाज चढवला न्हाईस. एवढंच विचारलंस, "मामा, गुंजीत तुम्ही तुमचं काम काय सांगितलंय?"

सगळ्यांपुढं. विश्वासानं सांगितलेलं. मी किल्ली टेबलावर टाकली आणि स्टेशनची वाट धरली. तू होतीस तोवर परत कॉलेजात पाय ठेवला न्हाय. मी काय बोललो ते मोठं, का तू काय बोललीस ते मोठं, ह्याचा हिशोब मी वर्षानुवर्षं करत बसलो, आणि दर वेळेला माझ्याच बाजूनं लावला.

यंदा तुला दवाखान्यात ठेवलंय हे मला कळलं होतं. खोटं लिहिणार न्हाय. तुझ्या हाताखालच्या त्या तरण्या सरांचा फोन आलता. "मामा, मॅडम सारखी तुमची आठवण काढताहेत. एकदा येऊन जावा."

मी म्हटलं, "गरज कुणाला हाय? बऱ्या झाल्या की म्हणावं यावा गुंजीला."

गुंजीतनं गाडीत बसलं की बेळगाव किती लांब? डबा सुद्धा लागत न्हाय बांधून घ्यायला. मला वाटलं, माफी मागायची असंल तुला. माझी सुटका एवढ्या स्वस्तात करायची न्हाय, असं ठरवलं. चौथ्या दिवशी तू गेलीस. कुणाची सुटका झाली ती झाली.

शोकसभेनंतर ते सर माझ्याशेजारी येऊन बसले. सहज बोलावं तसं म्हणाले, "मामा, आमच्या मुलांनी एक युक्ती काढलेली. गुडघ्याच्या मागचं हाड उजवं का डावं, हे ओळखायला सपाट बाजू बघायची. सपाट असली की उजवं. सीनियर ज्युनियरला सांगतात. यंदा परीक्षेत मॅडमनी एकाला, दुसऱ्या कॉलेजातून परीक्षेपुरतं आणलेलं, खरं हाड दिलं, उजवं. त्यानं चाचपलं आणि म्हणाला, सपाट न्हाय, म्हणजे डावं. मॅडम बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. त्यानंतरच त्या तुम्हाला बोलवा म्हणायला लागल्या."

मी तिथनंच उठून गाडी धरली.

दुसऱ्या आठवड्यात तुझ्या आईकडं गेलो. तुझ्या गावात पहिल्यांदा. आईनं तांब्या पुढं केला आणि तोंडाकडं बघत राहिल्या.

"तुमीच ते हाडवालं मामा न्हवं?"

"व्हय आक्का."

"लई वाट बघितली तुमची पोरीनं."

मी तांब्या हातातच धरून बसलो. मग त्या आपणहून बोलल्या. "ते हाड मी पुरलं. सुट्टीत घिऊन आलती, पिशवीत गावलं. एकच गावलं, बाकीची लपीवली तिनं. उंबऱ्याच्या आत असलं काय नको म्हणलं आन् शेताच्या बांधाला पुरून आलो. तीन दिस बांध उकरला तिनं. नखं फुटली. गावलं न्हाय."

"मला म्हणाली सहाच्या सहा हाईत."

"भ्याली हुती ओ. मागनं एकदा येऊन रडली. आई, मामांनी माझ्यासाठी हाडाला कानस लावली, म्हणली. लई मोठं पाप केल्यागत सांगत हुती. मला काय कळतंय, कानस लावली तर लावली." मग म्हणाल्या, "दवाखान्यात सारखं तेच. मामा आलं का? मी म्हणलं, कशाला गं पायजेल तुला मामा? म्हणली, एक हाड बदलायचं हाय आई. मामांच्या परवानगीबिगर मी हात लावायची न्हाय."

म्हणजे तुला पहिल्यापासनं माहीत होतं. ताटावर हाड ठेवताना अंगठा मेलेला नव्हता तुझा. तो जिवंत होता, म्हणूनच दोनदा फिरला.

आता ऐक. हे तुझं चुकलं. मी मेलेल्या माणसाचं कौतुक करायला बसलेलो न्हाय. परवानगी कसली मागतीस? शिकवणारी तू. एका म्हाताऱ्याचं नाक वर राहावं म्हणून इतकी वर्षं पोरांच्या हातात खोटं हाड दिलंस? आणि खरंच माझं नाक होतं, का तुझं पण होतं? हाड बदललं असतंस तर ते कसं हरवलं, हे सांगावं लागलं असतं. सहाच्या सहा हाईत. दोन्ही असंल. मला विचारायला माणूस उरलं न्हाय, म्हणून दोन्ही धरून चालतो.

आणि माझं? तू चूक दुरुस्त करायला बोलावत होतीस, मी माफीची वाट बघत होतो. मशीन चुकावं म्हणून मी जे गप बसलो, ते मशीन एकदा पण चुकलं न्हाय. त्यानं मी दिलं तेच दिलं. म्हशीला बैल मी केलं, त्यानं नुसती नक्कल केली. हे तुला तोंडावर सांगायला मी एक तास गाडीत बसलो असतो तर झालं असतं. बसलो न्हाय. हे तुला आता लिहून काय उपयोग, ते मला विचारू नको.

तुझ्या आईनं निघताना माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याच हातानं शिकीवलं व्हय तिला." मी हात मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं कॉलेजात गेलो. पोतं घेऊन. सरांना म्हटलं, दहा मिनिटं वर्ग द्या. त्यांनी दिला. छापलेला एक उजवा गुडघा पोत्यात टाकला, तोंड आवळलं, पहिल्या बाकावरच्या एका मुलीला बोलावलं. तिनं हात घातला. लगेच बोलली, "मागचं हाड. उजवं."

"कशावरनं?"

"सपाट बाजू लागली." खूश होऊन सगळ्या वर्गाकडं बघितलं तिनं.

मी म्हटलं, "बाई, ती सपाट बाजू बैलाची न्हाय. माझी हाय."

मग सांगितलं. म्हैस सांगितली, कानस सांगितली. सरांनी विचारलं, खरं हाड हरवलं कसं? म्हटलं, एका पोरीनं घरी न्हेलतं, कारण मी दिलतं. तिनं मागनं तीन दिवस बांध उकरला. कोण पोरगी, ते विचारलं न्हाय कुणी. तुझ्या मोकळ्या खुर्चीकडं सगळ्यांनी बघितलं, म्हणजे कळलं असंल.

सर म्हणाले, नवीन हाड मिळंल तेव्हा कॉम्प्युटरात बदलू. म्हटलं, मिळंल तेव्हा न्हाय. एक पिंप आणि सोडा द्या, बैल मेला की मला फोन करा, मी खोली उघडतो. आणि तोवर डबे काढा.

चाळीस डबे टेबलावर मांडले. मी खडू मागितला, पुसून जाईल म्हणाले, मग जाड पेन दिलं. प्रत्येक झाकणावर लिहायला लागलो. उजव्या गुडघ्यातलं सहावं हाड चूक. म्हशीचं हाय. कानस मी लावली. मारुती.

ती पहिल्या बाकावरची मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. तिला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं न्हाय. "एन बरद्री अज्जा?" काय लिहिलंत आजोबा, म्हणून कानडीत विचारलं. वाचून दाखवलं. तिनं आपल्या डब्यावर त्याखाली कानडीत लिहून घेतलं.

पंचविसाव्या डब्याला अक्षर झाकणाबाहेर जायला लागलं. मुलगी म्हणाली, "द्या अज्जा, राहिलेलं मी लिहिते."

पेन दिलं न्हाय. म्हटलं, तू खाली कानडीत लिही. वरचं माझ्याच अक्षरात पायजे.